नववीची पोथी

नववीच्या पुस्तकातला जुना ओव्यांचा पाठ मधुकर गुरुजींना कळत नसे. अख्ख्या सौंसरात ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. ती तशीच राहावी म्हणून त्यांनी शाळा समितीला पटवलं, की कापूस-संत्र्याच्या गावातल्या लेकरांवर असली जुनीपुराणी मराठी लादणं म्हणजे अत्याचार. समितीचे अध्यक्ष केशवराव इतके हेलावले, की शनिवारच्या बैठकीत पाठ गाळायचा हे नक्की झालं.

पण महिना होता श्रावण. नववीतली इंदू ओसरीवर बसून तोच पाठ मोठ्यानं घोकत होती. श्रावणातल्या संध्याकाळी ओव्या कानावर आल्या, म्हणजे पोथी लागली असणारच. शेजारच्या बाया आल्या, सरकारी पुस्तकाला हळदकुंकू वाहून मांडी घालून बसल्या. पाठातला राजा वनात शिरेपर्यंत ओसरी भरली. आता पोथीला जसा वाचणारा लागतो, तसा अर्थ सांगणाराही लागतो. केशवरावांच्या मंडळी शकुबाई स्वतः जाऊन गुरुजींना घेऊन आल्या.

गुरुजी पाटावर बसले. इंदूनं ओवी वाचली. सगळ्या बाया गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. गुरुजींनी चष्मा पुसला. चष्मा पुसूनही संपला.

"शकुबाई," ते म्हणाले, "मले नाही कळत."

"काय नाही कळत?"

"ही ओवी. मागचीबी नव्हती कळली."

"हात् बापा!" शकुबाईंनी सुस्कारा सोडला. "आमाले वाटलं, आमालेच कळून नाही राहिलं! वाच व इंदू, पुन्हा वाच."

इंदूनं पुन्हा वाचलं. कलाबाई म्हणाली, राजा रडून राहिला. यमुना म्हणाली, रडते कायचा, भुकेजला असन. तिसऱ्यांदा वाचल्यावर गुरुजी एकदम उठून उभे राहिले.

"नाही हो! वाट चुकला तो! अन् कोणाले सांगून नाही राहिला!"

"झाला ना मंग अर्थ," शकुबाई म्हणाल्या. "बसा."

शनिवारी केशवराव पडेल आवाजात म्हणाले, की लागलेली पोथी अर्ध्यात सोडता येत नाही, असं घरून कळलं आहे. पाठ राहिला. स्वतःच्याच ठरावाविरुद्ध गुरुजींचा हात सगळ्यात आधी वर गेला. अडचण एकच निघाली. पुस्तकात राजा वनातच राहतो, पुढचं छापलेलंच नाही, मग समाप्ती करायची कशी? सबब अख्खा ग्रंथ नागपूरहून मागवण्याचा ठराव एकमतानं पास झाला.

सोमवारी गुरुजी शीळ घालत वर्गात शिरले.

"वाचा रे. मले कळत नाही. कोणाले कळलं तर मले सांगा."

नववीनं पहिल्यांदाच पुस्तकं आपणहून उघडली.