तिसऱ्या खुर्चीचा उमेदवार

“यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” लेम्युएल टास्कर म्हणाला, “आणि ज्याचा बसेल त्याला मी इंजिनाच्या आसपास फिरकू देणार नाही. इतका भोळा माणूस तिथं काय कामाचा?”

“झालं सुरू,” वर्ना म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढे कॉफीचा मग आदळला.

वर्नाची खानावळ टॅमरॅक स्टेशनाच्या समोरच. घाट चढायच्या आधी गाडीचे ड्रायव्हर इथं बदलतात. त्यामुळे सकाळच्या वेळी तिथं निम्मी माणसं घाट उतरून आलेली आणि निम्मी चढायला निघालेली. उतरलेली बोलत असतात, निघालेली खात असतात. लेम्युएल दोन्ही निम्म्यांतला नव्हता. त्याला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून तो बोलायचाही आणि खायचाही.

आज मात्र त्याच्या पॅनकेकवर हकलबेरीचा पाक सुकत चालला होता. शेजारच्या स्टुलावर मार्डेल हॉकिन्सन बसली होती, आणि मार्डेलच्या कोटाच्या खिशात एक कोरा परवानगीचा कागद होता.

या टापूतले सगळे ड्रायव्हर मार्डेलच्या हाताखाली. इंजिनात कोण बसणार आणि कोण नाही, हे तीच ठरवायची. लेम्युएलनं अख्खा हिवाळा तिच्यामागे भुणभुण लावली होती. चर्चच्या पायरीवर गाठलं, लाकडं फोडताना गाठलं, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तिचं तोंड उघडं असताना गाठलं, म्हणजे तिला नाही म्हणता येऊ नये. मागणं एकच. सकाळच्या गाडीच्या इंजिनात बसून एकदा खिंड ओलांडायची, आणि ठरलंच तर आता उद्याच.

त्याला कारण होतं. घाटमाथ्यावरच्या लांब बोगद्यापलीकडे लोहमार्ग पूर्वी कड्याला बिलगून जायचा आणि दरसाल बर्फाचे लोट त्याचा एखादा लचका तोडून न्यायचे. लेम्युएल घरी बसला आणि तो मार्ग सोडून कंपनीनं बोगद्याच्या तोंडापासून थेट दरीवर पोलादी पूल टाकला. म्हणजे आयुष्यभर ज्या वाटेनं गेला, तिचंच शेवटचं पान कुणीतरी त्याच्यामागे बदलून टाकलं. डब्यात बसून तो पुलावरून जाऊन आला होता. पण डब्याच्या खिडकीतून दिसतो तो गेलेला डोंगर, तोही कडेकडेनं. येणारा डोंगर दिसतो फक्त इंजिनातून. काळोख संपताना समोर आधी काय येतं? रूळ, की नुसती हवा? तो प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा. एक म्हणायचा रूळ. दुसरा म्हणायचा आभाळ. तिसरा म्हणायचा, मी तेवढ्यापुरते डोळे मिटतो. आणि गाडी तोच चालवायचा!

हा प्रश्न लेम्युएलच्या डोक्यात दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा बसला होता.

“लेमकाका,” मार्डेल म्हणाली होती, “केबिनमधली तिसरी खुर्ची सामान ठेवायला नाही. तिथं बसणाऱ्यानं बघायचं आणि दिसलं ते सांगायचं. एकानं सिग्नल मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. त्यात हयगय चालत नाही.”

“मला शिकवतेस, पोरी? माझ्या बायकोला विचार. मी झोपेतसुद्धा ‘हिरवा’ म्हणून ओरडायचो.”

“ओरडण्याची काळजी नाही. तुम्ही दिसलं ते सांगाल, की दिसायला हवं होतं ते सांगाल, ही काळजी आहे. म्हणून एक करा. तुमची एक फेरी मला सांगा. इथून चढून, बोगद्यातून, पलीकडे. थाप सापडली नाही तर सही करते.”

वर्नाच्या खानावळीत थापेला थाप म्हणत नसत. रेल्वेवाल्याला तोंडावर खोटारडा म्हणणं म्हणजे त्याच्या टोपीवर पाय देणं. तिथं ऐकणारा नुसता ‘लाल!’ म्हणायचा. ‘लाल’ आलं की सांगणाऱ्यानं असेल तिथं थांबायचं. लेम्युएलच्या कित्येक गोष्टी अशा अर्ध्या घाटात उभ्या होत्या.

आज मात्र त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं. उकडलेल्या बटाट्यासारखी गोष्ट सांगायची. मीठसुद्धा घालायचं नाही. ती विश्वास न बसण्याची बढाई? ती काय, सवयीनं तोंडून निघून गेली होती.

“थंडीचे दिवस,” त्यानं सुरुवात केली. “मी केबिनमध्ये उजवीकडे, माझा सहायक ऑगी ब्रँट डावीकडे. ऑगी म्हणजे आडदांड माणूस, पण आवाज चिमणीचा. मागे प्रवाशांचे डबे. स्टेशनाबाहेरचा सिग्नल हिरवा. मी म्हटलं हिरवा, ऑगी म्हणाला हिरवा. निघालो.”

मार्डेलनं मान डोलावली.

“चढावर रुळांना बर्फाची साय धरलेली. चाकं घसरायला लागली. वाळू सोडली, चाकांनी पकड घेतली. पुढचा सिग्नल हिरवा. मी म्हटलं हिरवा...”

“ऑगी म्हणाला हिरवा,” वर्ना म्हणाली. “लेम, अरे, तू आजारी आहेस का?”

कोपऱ्यातल्या टेबलावरचे दोघं हसले. लेम्युएलनं कॉफीचा घोट घेतला. खरं बोलायला इतके कष्ट पडतात याची त्याला कल्पना नव्हती.

“मग दरडीच्या तारा आल्या,” तो म्हणाला. घाटात कड्याच्या बाजूनं कुंपणासारख्या तारा ओढलेल्या असतात. वरून दगड आला की तार तुटते आणि सिग्नल आपोआप लाल होतो. “सिग्नल लाल. मी म्हटलं लाल, ऑगी म्हणाला लाल. गाडी उभी केली. ऑगी खाली उतरून पुढं चालत गेला. दगड नाही, माती नाही. तार तुटलेली, आणि तारेपाशी एक पांढरा डोंगरी बोकड.”

इथवर सगळं अक्षरशः खरं होतं. बोकड तारेला अडखळला, तार तुटली, बोकड पळाला, गाडी सुटली. एवढंच झालं होतं. लेम्युएलनं पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवलं, ‘आणि बोकड पळाला’, आणि त्याच वेळी त्याचं लक्ष वर्नाकडे गेलं.

वर्ना जांभई देत होती.

आता माणूस उपाशी राहील, बर्फात रात्र काढील, पण आपल्या गोष्टीवर आलेली जांभई? ती कुणाला सोसत नाही.

“आणि बोकड,” तो म्हणाला, “पळाला नाही.”

वर्नानं तोंड मिटलं.

“उभा राहिला. ऑगीकडं बघत. मग चालत गेला थेट गाडीतल्या जेवणाच्या डब्यापाशी, आणि त्याच्या खिडकीखाली वाट बघत बसला.”

“कशाची?” मार्डेलनं विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. लेम्युएलला जरा धीर आला.

“खाऱ्या बिस्किटांची. आधीच्या आठवड्यात तिथंच गाडी थांबली होती, तेव्हा आचाऱ्यानं शिळी बिस्किटं बाहेर फेकली होती. बोकडानं हिशोब मांडला. तार तुटली की गाडी थांबते. गाडी थांबली की मीठ पडतं.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशीही तार तुटलेली. तिसऱ्याही.”

“रविवारी?”

“बोकडाला कसला रविवार? तो काय चर्चला जातो?”

सगळी खानावळ मार्डेलकडं बघायला लागली. तिनं हनुवटी खाजवली.

“डोंगरी बोकडांना मिठाचा सोस असतो खरा,” ती सावकाश म्हणाली. “मागच्या वसंतात एक जण माझ्या मोटारीचा बंपर चाटून गेला. चला पुढं.”

लेम्युएलनं हळूच श्वास सोडला. थाप चालून गेली! म्हणजे रूळ पक्के होते. आणि पक्क्या रुळावर चढ संपला की गाडीला कोण आवरणार?

“तर एके दिवशी बिस्किटं संपलेली. आचारी हात हलवतोय. बोकड रागावला. तडक पुढं आला आणि इंजिनाची शिडी चढून केबिनमध्ये.”

“शिडी चढला?” कोपऱ्यातल्या टेबलावरून एक ड्रायव्हर म्हणाला.

“कडे चढणाऱ्याला शिडी काय सांगतोस, लेका? तुझी बायको तुला घरात घेत नाही तेव्हा तू खिडकीतून चढतोस की नाही?”

“ते सोडा,” मार्डेल पुढं सरकली. तिची कॉफी गार झाली होती. “बसला कुठं?”

“तिसऱ्या खुर्चीवर! आणखी कुठं? मागचे पाय खुर्चीवर, पुढचे काचेखालच्या फळीवर. ऑगी म्हणाला, हाकल त्याला. मी म्हटलं, तू हाकल, शिंगं तुझ्या बाजूला आहेत. तोवर पुढचा सिग्नल हिरवा झाला. प्रवासी खोळंबलेले. निघालो तिघंही.”

“वास?”

“ओल्या ब्लँकेटचा. पण ऑगीच्या पाइपपेक्षा बरा.”

“आणि बोगद्यात? बिचकला नाही?”

हा प्रश्न मार्डेलनं इतक्या आतुरतेनं विचारला की लेम्युएलला क्षणभर तिची कीव आली. बोगद्यात बोकड कसा वागेल, हे तिला मनापासून जाणून घ्यायचं होतं. खरं म्हणजे आता त्यालाही ते जाणून घ्यायचं होतं.

“बिचकला नाही. आपला तो भोंगा नाही का, ड्रायव्हरनं जरा वेळ कशालाच हात लावला नाही की केकाटणारा? झोपलास का, असं विचारणारा? बोगद्यात तो केकाटला. बोकडाला काही तो सूर मानवला नाही. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि नाकानं बटण दाबलं. भोंगा बंद. पुन्हा केकाटला, पुन्हा नाक. मी हात मांडीवर ठेवून बसलो.”

खानावळीत हशा पिकला. वर्ना काउंटरवर हात टेकून हसत होती, पॅनकेक करपतोय याचं भान नव्हतं. मार्डेलही हसली.

“माझ्याकडं दोन ड्रायव्हर आहेत,” ती म्हणाली, “त्यांच्यापेक्षा हा बोकड परवडला.” आणि तिनं खिशातून कागद काढला.

बाहेर घाट उतरून आलेल्या गाडीचा भोंगा झाला. खुर्च्या सरकल्या, टोप्या चढल्या. मार्डेलनं कागद काउंटरवर पसरून पेन उघडलं आणि वर लेम्युएल टास्कर असं नाव लिहिलं. खाली सहीची जागा मोकळी होती.

“लवकर आटपा, लेमकाका. मला त्या इंजिनावर जायचंय. बोगद्यातून बाहेर पडलात, मग?”

मग काहीच नाही. मग डोंगर उतरलो आणि खालच्या स्टेशनावर पोचलो. इतकं म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. लेम्युएलच्या डोळ्यांपुढं उद्याचा काळोख उभा राहिला, त्याच्या टोकाला टाचणीएवढा उजेड, तो वाढत वाढत थाळीएवढा झालेला, आणि त्यापलीकडं ते, जे त्याला अजून ठाऊक नव्हतं. जीभ चाव, म्हाताऱ्या, त्यानं स्वतःला बजावलं. जीभ चाव.

पण बोकड अजून खुर्चीत बसलेला होता. इतकं इमानी जनावर इथवर आणलं, त्याला रिकाम्या हातानं कसं उतरवायचं? गोष्टीला शेपूट हवं. खानावळ कान टवकारून बसलेली. पेनाचं टोक सहीच्या रेघेवर टेकलेलं.

“बाहेर पडलो,” लेम्युएल म्हणाला, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. “तेव्हा पूल नव्हता. डावीकडं कडा, उजवीकडं दरी, आणि दरीत नुकतं ऊन उतरलेलं. बर्फावर असं ऊन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं बघतच राहिलो. आणि समोर वळणावर सिग्नल.”

“कुठला?”

“लाल. मला दिसला. ऑगीलाही दिसला. पण त्या उन्हानं आमची वाचाच बसलेली. ऑगी गप्प, मी गप्प. केबिनमध्ये चकार शब्द नाही. तेवढ्यात बोकडानं मान वर केली, सिग्नलकडं बघितलं आणि असा ओरडला, असा ओरडला, की माझा हात ब्रेकवर गेला. वळणापलीकडं हा एवढा बर्फाचा ढीग रुळावर. मागच्या डब्यांतली सगळी माणसं त्या बोकडानं वाचवली, मार्डेल. त्यानं सिग्नल सांगितला म्हणून.”

कोपऱ्यातल्या ड्रायव्हरनं टोपी काढून पुन्हा घातली. वर्नानं डोळे पुसले, हसण्याचे की कशाचे कोण जाणे.

पेन रेघेवरून हललं नाही.

“बोकड शिडी चढला, ते मी मानलं,” मार्डेल म्हणाली. “नाकानं बटण दाबलं, तेही मानलं. सिग्नल बघून ओरडला, बरं बाबा, तेसुद्धा मानते.” तिनं पेनाला टोपण लावलं. “पण समोर लाल दिसतोय, आणि केबिनमध्ये लेम्युएल टास्कर गप्प?”

ती स्टुलावर वळली. त्याच्याकडं नाही, सरळ समोर खिडकीकडं, डावीकडच्या खुर्चीवरचा माणूस पुढच्या रुळांकडं बघतो तशी, आणि केबिनमधल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “लाल!”

“लाल!” लेम्युएलच्या तोंडून त्याच दमात गेलं.