भुवनाला बरं करू नका

मालिकेतल्या भुवनाच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा पहिल्यांदा सपाट दिसला, तेव्हा मला तो प्रकाशाचा दोष वाटला. दुसऱ्या दिवशी खळगा तिथेच होता; रंगभूषेचाच, पण अचूक जागी. पोंगलच्या सुमाराला तोच खळगा अक्काच्या उजव्या हातात आला.

सुप्रभाअक्का माझी थोरली बहीण; आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं. तिचा आणि भुवनाचा आजार एकच: स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, बुद्धी शाबूत राहते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढचं पुस्तकातून ठाऊक होतं. तरी दिवा लावून झाला की अक्का, तिचे यजमान, म्हणजे माझे भावजी बाळकृष्णराव, आणि मी ती तमिळ मालिका बघायला बसायचो. भुवना अक्काच्या थोडी पुढे चालली होती. पाणी पिताना तिला ठसका लागला, त्या आठवड्यात मी पाणी दाट करायची पूड आणून ठेवली. अक्काने डबा पाहिला आणि नजर पुन्हा टीव्हीकडे वळवली. टीव्ही बंद केला की काळ्या काचेत अक्का दिसे, भुवना बसली होती नेमकी त्याच जागी.

मग वाहिनीने जाहीर केलं की दिवेलागणीला आजारपण बघायला लोक तयार नाहीत. महिनाअखेरीस भुवना देवळात नवस बोलून चालू लागेल आणि मालिका आटपेल. डॉक्टरांनी तिला विचारलेला प्रश्न तसाच राहणार होता: श्वास थकला की गळ्यातून नळी घालून यंत्र लावायचं का?

अक्कालाही तिच्या डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. आवाज आहे तोवर सांगा, नाहीतर ऐन वेळी जवळचा माणूस ठरवेल, असं ते म्हणाले. प्रत्येक खेपेला बाळकृष्णराव 'पुढच्या वेळी बघू' म्हणून उठायचे. भुवना काय सांगते ते बघू, असं ती एकदा मला म्हणाली. चेष्टेतच म्हणाली, पण मालिका एक दिवस चुकवली नाही.

प्रेक्षकांनी मोहीम काढली. त्रिची, मदुरैकडची, घरात असाच रोगी असलेली माणसं. प्रत्येकाने तमिळमध्ये छोटा व्हिडिओ करून वाहिनीला पाठवायचा. मालिका चालू ठेवा, पण भुवनाला बरं करू नका. शेजारच्या धनलक्ष्मीने ऐकून कपाळाला हात लावला. "बरं करू नका म्हणून अर्ज करणारी माणसं आजच बघितली, ग अंबू."

भावजींना ते सहन होईना. निदान टीव्हीत तरी कुणी उठून चालू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. पण अक्काने व्हिडिओ करायचा म्हटल्यावर त्यांनीच तिची मान उशीने सावरली, कुंकू नीट केलं आणि खुर्चीशेजारी उभे राहिले. मी फोन धरला.

अक्काचे शब्द आता एकमेकांना चिकटून येतात. तमिळमध्ये, सावकाश, तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. भुवनाचं शरीर जे आज करतं ते माझं नंतर करतं, म्हणाली. तिला चालवलंत तर मी मागे एकटी राहीन. तिला तो प्रश्न विचारलाय, तर उत्तरही देऊ द्या.

संपलं असं समजून मी बोट बटणाकडे नेलं. तिने पापण्या मिटून मला थांबवलं. मग तिची नजर फोनवरून सुटली आणि भावजींवर स्थिरावली. आता ती मराठीत बोलत होती. वाहिनीत कुणाला कळणार नव्हतं असं, आमचं घरातलं मराठी.

"इतके दिवस मी भुवनाच्या तोंडाकडे बघत बसले." श्वासासाठी ती थांबली. भावजींचा हात उशीवर होता तसाच राहिला.

"मला नळी नको, अहो. तुम्ही घालू देऊ नका."