पुढचं नाव येईपर्यंत

मटणाच्या दुकानात बाई बसलेली बघून नवं गिऱ्हाईक आधी बिचकतं, मग मुकाट्यानं पिशवी पुढे करतं. बापामागे सुरी मी उचलली आणि धाकट्या बहिणीच्या हातात पुस्तकं दिली. ती डॉक्टरकी शिकत होती, तीही नवऱ्याच्या नाकावर टिच्चून. त्यानं तिचा हात मोडला तेव्हा ती बॅग उचलून माझ्याकडे आली. परत जायचं नाही, हे आम्ही दोघींनी न बोलताच ठरवलं होतं.

गर्दी ओसरली की आमची शाळा भरायची. मी ठोकळ्यावर बकऱ्याचं हृदय ठेवायची. ती नाव घ्यायची, मी तो कप्पा उघडायची. "उजवा अलिंद." सुरी आत. "उजवा निलय." सुरी पुढे. पुढचं नाव येईपर्यंत सुरी जागची हलवायची नाही, हा बाईसाहेबांचा नियम. मी घाई केली की आतला पडदा फाटायचा आणि ती आयुष्यभर सुरी चालवलेल्या मला सुरी कशी धरावी हे शिकवायची.

"मेंदूतही निलय असतात," एकदा ती म्हणाली. "दोन पार्श्व, मग तिसरा, चौथा. पण त्यांत पाणी असतं. तिथे रक्त शिरलं की माणूस बोलता बोलता झोपतो, आणि मग उठत नाही."

"तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात नुसतंच पाणी असणार," मी म्हणाले. ती पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली होती कार्टी.

परीक्षेच्या आदल्या दुपारी जावईबापू अवतरले.

"चल घरी."

"उद्या माझी परीक्षा आहे."

"खड्ड्यात गेली परीक्षा."

"आवाज खाली," मी म्हणाले. "दुकान माझं आहे."

"तुम्ही मध्ये पडू नका, ताई. हे आमचं नवरा-बायकोचं आहे."

त्यानं तिचे केस धरले आणि तोंड ठोकळ्यावर आपटलं. दात निखळून ठोकळ्याखालच्या भुशात पडला. मी त्याचं मनगट धरलं तर त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात त्यानं तराजूतलं सगळ्यात मोठं वजन उचललं आणि तिच्या कानावर घातलं. हाड फुटण्याचा आवाज मी रोज ऐकते. बहिणीचा कधी ऐकला नव्हता. त्यानं वजन पुन्हा वर उचललं.

"ताई!" ती ओरडली.

सुरीसकट माझा हात गेला. बरगड्यांमधून वाट काढायला मला शिकवावं लागत नाही. तो माझ्यासकट जमिनीवर कोसळला आणि सुरीची मूठ माझ्या पंजात धडधडू लागली. त्याचं हृदय सुरी हलवत होतं.

मी ती उपसणारच होते. "काढू नकोस!" रांगत येऊन तिनं त्याचा शर्ट टराटरा फाडला, जखम बघितली आणि वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "उजवा निलय. सुरी आत आहे तोवर भोक बुजलेलं आहे. धरून ठेव. हा मेला तर तू आत जाशील, ताई. मला तू बाहेर हवी आहेस."

शेजारच्या सायकलवाल्यानं शटरमधून डोकावून बघितलं आणि अँब्युलन्ससाठी फोन लावत धावला. मी जावईबापूंच्या दोन्ही हातांवर गुडघे रोवले, मूठ धरली.

"काढा ती," तो विव्हळत होता.

"मरशील, मुडद्या. गप पड."

त्याला जगवताना माझ्या अंगाची आग आग होत होती. तरी मी हलले नाही. नियम म्हणजे नियम.

मग ती भिंतीला टेकली. कानातून रक्ताची धार मानेवर आली होती. "ताई," ती म्हणाली, आणि तिची जीभ जड झाली. "पार्श्व निलय... माझा..." डोळे फिरले. ती कडेला घसरली, ओकली आणि तिच्या घशात घरघर सुरू झाली.

पुढचं नाव आलं होतं. मी मूठ सोडली.

"हात लावू नकोस सुरीला!" एवढं त्याला ओरडून सांगितलं आणि बहिणीवर झेप घेतली. तिला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून रक्त, घाण, सगळं बाहेर काढलं, जबडा वर उचलून धरला. श्वास आला. पाठीमागे सुरी फरशीवर पडल्याचा खणकन आवाज झाला. त्यानं जन्मात कधी कोणाचं ऐकलं नव्हतं.

हॉस्पिटलात तिच्या कवटीला भोक पाडून त्या निलयातलं रक्त नळीनं काढलं. तिनं डोळे उघडले तेव्हा दाराशी महिला पोलीस माझी वाट बघत बसली होती.

"तो?" तिनं विचारलं.

"गेला."

"का सोडलंस?"

"तुला धरायला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सोडीन."

ती रडली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मी उठायला लागले तशी तिनं माझं बोट घट्ट पकडलं.

"उजवा अलिंद," ती अडखळत म्हणाली. "उजवा... उजवा..."

ते नाव तिला येईना. पोलीस उठून उभी राहिली. मी बोट सोडवून घेतलं नाही, पुढचं नाव येईपर्यंत थांबले.