थंड राहिलेला सांधा

"दादा, थांब! हवा भरू नकोस!" जिना उतरता उतरताच धाकटी ओरडली, पण यंत्रांच्या घरघरीत तिचा आवाज कुठल्या कुठे विरून गेला.

खाली अ‍ॅल्युमिनियमची टाकी आडवी ठेवली होती. तिच्या शेजारी दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून तिचा थोरला भाऊ उभा होता. तयार टाकीत हवा ठासून भरायची आणि सांधा धरतो का ते बघायचं, हे त्याचं काम. धाकटी वरच्या काचेच्या खोलीत संगणकावर त्याच सांध्यांची गणितं करायची. गरगर फिरणारी खीळ दोन पत्र्यांच्या मधून गेली की घर्षणाने धातू किती तापतो, न वितळता मेणासारखा मऊ होऊन एकमेकांत कसा मिसळतो, ते तिच्या पडद्यावर रंगांत दिसे. म्हणून कारखान्यात सगळे तिला 'रंगपेटी' म्हणत.

आज तिने पत्रे आवळून धरणाऱ्या नव्या जाडजूड क्लॅम्पची मापं गणितात घातली, आणि सांध्याच्या टोकाशी तांबडा रंग आलाच नाही. क्लॅम्प उष्णता पिऊन टाकत होता. ती तशीच जिन्याकडे धावली.

"एक्स-रे स्वच्छ आहे," तिचं ऐकून कारखान्याचे साहेब वैतागून म्हणाले. "तुमच्या रंगीत चित्रासाठी मी काम अडवू?"

"साहेब, धातू नुसता चिकटला असेल, मिसळला नसेल, तर एक्स-रेत ते दिसेलच असं नाही."

"अगं, सगळ्यांसमोर काय तमाशा हा?" दादा दबक्या आवाजात म्हणाला. तेवढ्यात त्याला तिचे हात दिसले. ते थरथरत होते. विजा कडाडल्या तरी खिडकीत जाऊन उभी राहणारी ही पोरगी. त्याने हवेची झडप फिरवून बंद केली.

"पाणी भरून बघू, साहेब," तो म्हणाला. "पाण्याने फाटली तर भिजू. हवेने फाटली तर आम्हाला फरशीवरून गोळा करावं लागेल."

"गिऱ्हाइकाला आत ओल चालत नाही!"

"पुसून देईन मी."

साहेब धुसफुसत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

टाकी भरेपर्यंत दुपार कलली. दादाने सगळ्यांना मागे सारलं आणि पंप सुरू केला. काटा हळूहळू चढू लागला. गणित चुकू दे, उद्या सगळे हसले तरी चालतील, असं धाकटी मनात घोकत होती.

फाट्‌कन आवाज झाला. सांध्याच्या टोकातून पाण्याचं पातं निघालं आणि समोरच्या भिंतीचा गिलावा खरवडून गेलं. दादा नखशिखांत भिजला.

"चला, आंघोळ झाली," तो म्हणाला. कुणीही हसलं नाही.

धाकटीने क्लॅम्प बसवणाऱ्या फिटरकडे पाहिलं. "हा क्लॅम्प कधी बसवला?"

"याच्या आधीच्या टाकीला."

"ती तपासणीत पास झाली होती," साहेब घाईघाईने म्हणाले.

"मीच पास केली होती," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "टेकून उभा होतो मी तिला."

"एकदा धरलं म्हणजे कायमचं नाही, दादा. प्रत्येक वेळी हवा भरली की ती जागा थोडी थोडी उकलत जाणार."

साहेबांनी ती टाकी नेलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर लावला. घाईत तो दोनदा चुकला. शेवटी त्यांनी फोन धाकटीच्या हातात दिला.

पलीकडे एका माणसाने उचलला. मागे पंप धडधडत होता.

"आमच्याकडून आलेली टाकी..."

"हो, कालच बसवली. हवाच भरतोय आता."

"बंद करा. आधी बंद करा, मग बोलू! आणि तिथून सगळ्यांना लांब करा!"

फोन कशावर तरी आपटला. पावलं धावत दूर गेली. कुणीतरी कुणाला तरी हाका मारल्या. पंप चालूच होता. धाकटीने डोळे मिटून घेतले. दादाचा ओला हात तिच्या खांद्यावर घट्ट आवळला गेला.

मग ती धडधड मंदावली आणि थांबली.

"केला बंद," धापा टाकत तो माणूस परत आला. "सगळे बाहेर आहेत. झालं काय? कोण बोलतंय?"

धाकटीने सांगायला तोंड उघडलं, पण दातांवर दात आपटत होते. दादाने अलगद फोन काढून घेतला.

"माझी बहीण आहे," तो म्हणाला. "जरा दम धरा. सांगते ती."