किलोमागे अडीच

नवजात बाळांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं काढल्यावर सिस्टरनं पुन्हा शिकायला जायचं ठरवलं, तेही गणित, तेव्हा तिच्या नवऱ्याला आधी ती थट्टाच वाटली. तो बसचा ड्रायव्हर. "या वयात लोक गुडघे सांभाळतात, तू समीकरणं सांभाळायला निघालीस," तो म्हणाला. पण प्रवेशाचा अर्ज नेऊन दिला त्यानंच. लग्नाआधी तिनं गणितातच पदवी घेतली होती. नोकरी मिळेना म्हणून नर्सिंगकडे वळली आणि कायमची तिथलीच झाली.

अभ्यासक्रमाचं नाव होतं 'वैद्यकासाठी गणित'. माहितीपत्रक तिला दवाखान्याच्या नोटीस बोर्डावर दिसलं आणि तिथंच तिचा पाय अडकला. कित्येक वर्षं तिला एकच प्रश्न छळत होता. रक्तात जंतू पसरलेली दोन बाळं शेजारी शेजारी ठेवलेली. औषध तेच, वेळ तीच, डोळ्यांत तेल घालून केलेली देखभालही तीच. एक चार दिवसांत दूध ओढायला लागतं आणि दुसरं जातं. का? डॉक्टर म्हणायचे, शरीर साथ देत नाही. एवढ्या उत्तरावर तिचं समाधान होत नव्हतं. दवाखान्यानं दोन वर्षांची रजा दिली.

वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं. तीही तिला 'सिस्टर'च म्हणू लागली. शिकवणाऱ्या सरांना पोरांनी 'खडूसर' नाव ठेवलं होतं. ते 'खडू-सर' की 'खडूस-र', हे ज्यानं त्यानं ठरवावं. पहिल्या सहामाहीत सिस्टरला पन्नासपैकी अकरा पडले. बारावीतली लेक पेपर हातात घेऊन म्हणाली, "आई, सतराचा पाढा येत नाही म्हणून तू मला जेवताना उभं केलं होतंस, आठवतं?" दोघी हसल्या. मग सिस्टर मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

पण ती चिवट. खडूसरांना रोज गाठून विचारायची. एकदा सर म्हणाले, "बाई, एक बादली समजा. वरून औषध ओतलं, खालचा नळ थोडा उघडा आहे. बादली केवढी आणि नळ किती उघडा, एवढं कळलं की सगळं कळलं. समीकरण एवढंच सांगतं."

"सर, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुणी विचारलं नाही," सर म्हणाले.

तिथून तिची गाडी रुळावर आली. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिनं आपल्याच वॉर्डाचा निवडला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना देतात त्या इंजेक्शनचा. वॉर्डाच्या भिंतीवर त्याचा एक तक्ता होता: किलोमागे अडीच मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. तो तिथं केव्हापासून होता ते कुणालाच सांगता आलं नसतं. सगळ्या बाळांना ते प्रमाण बरोबर बसतं का, एवढंच तिला बघायचं होतं. दवाखान्यानं सात वर्षांतल्या दोनशे बारा बाळांची माहिती दिली. नावं काढून टाकलेली. वजन, वय, औषधाच्या वेळा, रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि शेवटच्या रकान्यात एक किंवा शून्य. एक म्हणजे घरी गेलं. शून्य म्हणजे नुसतंच गेलं.

माहिती कच्ची होती. रक्त तपासलं जाई ते पुढच्या डोसाच्या जरा आधी, औषध अंगात साठून मूत्रपिंडाला इजा तर करत नाही ना, हे पाहायला. ते कमी तर पडत नाही ना, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पण गर्दीच्या दिवसांत रक्त भलत्याच वेळी काढलं जायचं, डोस दिल्यावर कधी तासाभरानं, कधी चार तासांनी. ज्या चुकांसाठी नर्सेसनी बोलणी खाल्ली होती, त्याच आता उपयोगी पडल्या. त्या विखुरलेल्या ठिपक्यांमधून तिला रक्तात औषध किती चढतं आणि किती वेगानं उतरतं, त्या रेषा काढता आल्या.

पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा तिला वाटलं, दशांश चिन्ह चुकलं. तीन आठवडे ती तेच गणित उलटसुलट तपासत राहिली. मग सरांकडे गेली. सरांनी सगळं आपल्या हातानं पुन्हा केलं. दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

नवजात बाळाच्या अंगात पाणी फार. वजनाच्या मानानं बादली मोठी. अडीचचा डोस त्या पाण्यात इतका पातळ व्हायचा, की जंतू मरण्याइतकी औषधाची पातळी पाचांतल्या एकाच बाळात गाठली जायची. द्यायला हवं होतं किलोमागे पाच, पण दीड दिवसातून एकदाच. म्हणजे एकूण औषध उलट कमीच लागलं असतं. फक्त एकदम द्यायला हवं होतं.

"सर, यातली अठ्ठावन्न गेली," ती म्हणाली. "पुरेसं औषध मिळालं असतं तर किती वाचली असती?"

"ते प्रबंधात विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

सरांनी कागद पुढे ढकलला. असा अंदाज काढायची पद्धत तिला आता येत होती. दोन दिवसांनी उत्तर आलं: सहा ते एकवीस. मधला आकडा तेरा. कोणती तेरा, ते कुठल्याच पद्धतीनं निघत नव्हतं.

घोडं तिथंच अडलं. नावं काढली म्हणून काय झालं? एक हजार एकशे चाळीस ग्रॅम, अकरावा दिवस, औषध सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. त्या बाळाला वॉर्डात सगळे 'पैलवान' म्हणायचे, कारण ते नळी उपटून टाकायचं. सकाळचे सगळे डोस तिनं दिले होते. त्याची आई काचेपलीकडे स्टुलावर बसून असायची आणि म्हणायची, "सिस्टर, तुमच्या हाताला यश आहे." पैलवानापुढे शून्य होतं. कदाचित तो तेरांतला असेल, कदाचित काहीही दिलं असतं तरी गेला असता. तिनं पुढची ओळ वाचली, तिच्या पुढची वाचली. चाळीसेक ओळी तिला ओळखू आल्या. मग तिनं फाईल मिटली. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. नवरा म्हणाला, "तुला कुठं ठाऊक होतं? तुझ्यावर कोण बोट ठेवणार?" कुणी बोट ठेवत नव्हतं, म्हणूनच तिचा जीव गुदमरत होता.

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "तक्ता पुस्तकातला होता, सिस्टर. सगळीकडे हाच चालतो," ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी नवा डोस सुरू केला. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र म्हणाले, "तो सहा ते एकवीसवाला भाग लिहायलाच हवा का? त्या आईबापांनी वाचलं तर? त्यांच्या हाती काय लागणार?"

ती फाईल काखेत मारून निघाली.

राहिल्या थोरल्या सिस्टर. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, वॉर्डाच्या जुन्या मुख्य. दाण्याएवढ्या बाळाची शीर कशी शोधायची हे त्यांनीच हिला हात धरून शिकवलं होतं. भिंतीवरचा तक्ता त्यांच्याच सुबक अक्षरातला. बातमी उडत उडत त्यांच्या कानावर जाण्यापेक्षा आपण सांगावी म्हणून ती एका सकाळी त्यांच्या घरी गेली. थोरल्या सिस्टरांनी चहा केला आणि विचारलं, "काय गं, किती बारीक झालीस? झाली का तुझी आकडेमोड?"

तिनं सांगितलं. बादली, पाणी, अडीच, पाच. थोरल्या सिस्टर मान हलवत ऐकत होत्या. मग त्यांची मान थांबली.

"म्हणजे आपण पाणीच देत होतो म्हण की."

"तसं नाही, मॅडम. काहींना पुरायचं."

"किती वर्षं होता तो तक्ता?"

"मी आले तेव्हा होताच."

"तू यायच्या आधी बारा वर्षं मी लावला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं, मी लिहिला. अक्षर चांगलं होतं ना माझं." त्यांनी मनाशी काही हिशेब केला असावा. सात वर्षांत तेरा, तर एकतीस वर्षांत किती, हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. "मला का सांगायला आलीस?"

"दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा..."

"मी सत्तरीला टेकले. कळलंच नसतं मला." आवाज चढला नव्हता. "तुला एकटीला पेलवेना म्हणून माझ्या पदरात टाकायला आलीस. खरं की नाही?"

खरंच होतं ते.

"जा आता," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. चहा तसाच राहिला. नंतर तिनं तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा सून म्हणाली, "आईंना बरं वाटत नाहीये. त्या कुणाशीच बोलत नाहीत हल्ली."

प्रबंधात तिनं तो भाग लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "सहा ते एकवीस हा पट्टा फार रुंद वाटतो," ते म्हणाले. तिनं कारणं सांगितली. माहिती थोडी, बाळं वेगवेगळी, इतर आजारही बरोबर. परीक्षक खूश झाले. पहिला वर्ग मिळाला. लेकीनं उड्या मारल्या, नवऱ्यानं अख्ख्या डेपोला सांगितलं. सिस्टरनं निकालाचा कागद घडी घालून कपाटात ठेवला.

नव्या डोसाच्या पहिल्या वर्षी वॉर्डात संसर्गानं दरवर्षीच्या आठऐवजी सात बाळं गेली. मोठ्या डॉक्टरांनी मुद्दाम बोलावून सांगितलं. पण एका बाळाचा फरक हा निव्वळ योगायोगही असू शकतो, एवढं गणित तिला आता येत होतं. तेवढाही दिलासा घेता येऊ नये, असंच तिचं शिक्षण झालं होतं.

वॉर्डात ती परत गेली नाही. डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बदली मागून घेतली. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि पुढच्याला आत सोडायचं. दुपारच्या सुट्टीत ती पत्रं लिहायची. तोच जुना तक्ता चालतो अशी एकोणीस हॉस्पिटलं तिनं शोधून काढली होती. प्रत्येकाला सगळी आकडेवारी आणि नव्या डोसाचं कोष्टक पाठवलं. चारांनी उत्तर दिलं. त्यांपैकी एकानं बदल केला. दुसऱ्यानं लिहिलं, 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. औषध समितीची पुढची बैठक तीन महिन्यांनी आहे, तीत विषय ठेवू.'

तिनं ते पत्र दोनदा वाचलं. त्या हॉस्पिटलात वर्षाला संसर्गाची किती बाळं येतात, हे तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांत किती जातील, हे गणित नको म्हणता म्हणता तिच्या डोक्यात झालंच. बाहेर लोक रांगेत ताटकळले होते, कुणीतरी दारावर टकटक करत होतं. "आले, आले," म्हणत तिनं कोरा कागद ओढला आणि त्याच समितीला पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.