पुठ्ठ्याआडचे फासे

खेळात कुणी मेलं की खापर मास्टरच्या डोक्यावर. मास्टर म्हणजे मी. बाकीच्यांनी गोष्टीतली पात्रं व्हायचं; गोष्ट मी सांगायची, भुतं मी उभी करायची, पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे मी टाकायचे आणि वर शिव्याही मीच खायच्या. ताकाओका शहराच्या सार्वजनिक सभागृहातली वरची खोली आम्ही दर रविवारी दुपारी घेतो. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर नोमोतो, कानाए आणि माझी बायको शिहो.

पूर्वी होसाकाही असायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्या पात्रासाठी टाकलेल्या दोन्ही फाशांवर एक-एक आला. एक-एक म्हणजे मरण. मी जे पडलं ते सांगितलं. होसाका हसत हसत खाली कॉफी आणायला गेला आणि परत आलाच नाही. "होसाका कुठे राहिला?" मी विचारलं, तर नोमोतो म्हणाला, "कोण होसाका?" त्याच्या घरी गेलो, तर दारावर दुसऱ्याच नावाची पाटी.

तेव्हापासून एक-एक शिहोला पडायला लागले. दर खेळात. आडोशामागे फासे झाकून मी म्हणायचो, "वाचली." खेळच सोडावा म्हणून एका रविवारी दांडी मारली, तर शेजारच्या आजी जिन्यात शिहोच्या समोर मला म्हणाल्या, "एकटेच राहता, जेवणाचं काय करता हो?" म्हणजे खेळ सोडला तरी शिहो पुसली जात होती, सुटका नव्हती. गोष्ट संपेपर्यंत शिहोला जिवंत न्यायचं, एवढंच हातात होतं.

आज शेवटचा प्रवेश. खाणीच्या बोगद्यातून तिघं बाहेर पडली की संपलं. मी फासे टाकले. एक-एक.

"शिहो वाचली," मी म्हणालो.

नोमोतोने पेन्सिल आपटली. "पुरे हं, मास्टर. खेळात माझा पाय गेला, कानाएचा डोळा गेला. वहिनींना मात्र साधं खरचटतही नाही."

"घरी जाऊन जेवायचंय ना त्याला," कानाए म्हणाली.

मग मी सगळं सांगून टाकलं. होसाका, दारावरची पाटी, जिन्यातल्या आजी. संपल्यावर नोमोतोने टाळ्या वाजवल्या. "काय रंगवलंस रे आज. काटा आला अंगावर." कानाए म्हणाली, दिवे घालवून सांगायला हवं होतं. इतके दिवस यांना घाबरवलं ना मी, आता खरं बोललो तर त्यालाही दाद. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर तेही त्यांना आवडलं.

शिहो तेवढी हसली नाही. "म्हणजे तू माझ्यासाठी खोटं बोलतोस."

"बोलतो. हात जोडतो, आजच्या दिवस बोलू दे."

"आणि टोमणे कोण खातं? मी. मेले तर माझ्या हाताने मरेन, पण हे फुकटचं जगणं नको मला."

तिने आडोसा दुमडून बाजूला ठेवला आणि फासे उचलले. मी तिचं मनगट घट्ट धरलं. "सोड ना, दुखतंय," ती म्हणाली. दुखतंय म्हटल्यावर मी सोडलं.

एक-एक.

"झाला बाई न्याय," कानाए म्हणाली.

"मेले एकदाची. आता तरी गप्प बसा," म्हणत शिहोने कप गोळा केले आणि दाराबाहेरच्या नळावर धुवायला गेली. मी लगेच मागे धावलो. नळ वाहत होता, कप बेसिनमध्ये होते, एक अर्धवट धुतलेला. जिन्यात कुणी नाही, खाली कुणी नाही. मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या.

नोमोतो दारातून वाकून बघत होता. "कुणाला हाका मारतोयस? आणि आपल्या तिघांत ही चौथी खुर्ची कुणी काढली?"

त्याने येऊन नळ बंद केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलं माझं, मास्टर. मघाशी उगाच तोंड सोडलं." कशावरून, ते त्याला आठवत नव्हतं. "तू कधी कुणाला झुकतं माप दिलं नाहीस. तुझ्याइतकं चोख कुणी खेळवत नाही."