मागच्या बाकासाठी

बाईंनी प्रश्न विचारला आणि हनुवटी तळहातावर टेकवून त्या गप्प बसल्या.

समोर गायनाच्या पुस्तकांच्या चवडीला टेकून फोन उभा होता. फोनच्या मागे लहान मुलांच्या वर्गातली एक बुटकी खुर्ची होती, निळ्या रंगाचे टवके उडालेली. बाई फोनच्या काचेकडे नाही, त्या खुर्चीकडे पाहत होत्या. गोष्टीत येशूनं रस्त्याकडेच्या आंधळ्या भिकाऱ्याला जवळ बोलावलं होतं आणि विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करू? तिथंच बाईंनी गोष्ट थांबवली होती.

“तुम्हाला त्यानं असं विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं.

“मावशी, झालं का?” पलंगाच्या कडेला बसलेल्या भाचीनं विचारलं.

“उत्तर येऊ दे की.”

“कुणाचं? खुर्चीचं?”

भाचीनं पुढं वाकून चित्रण बंद केलं. एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचं काम ती करायची. तिथून सुटली की मावशीकडं यायची. “असू दे, हे गप्प बसणं मी काढून टाकते. लग्नातल्या मामाचं अख्खं भाषण मी दोन वाक्यांत बसवते, आणि वर मामाच माझे आभार मानतो.”

बाई हसल्या, पण खुर्चीवरून त्यांची नजर हलली नाही.

चर्चमागच्या दालनात त्यांनी रविवारची शाळा घेतली ती केस काळे होते तेव्हापासून. त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे हात लव्हाळ्यासारखे वर यायचे, आणि बाई ओठांवर बोट ठेवायच्या. उत्तर तोंडात धरून मुलं नुसती चुळबुळ करायची. “पुढच्या बाकाला उत्तर लगेच सुचतं,” बाई म्हणायच्या, “मागच्या बाकाचं पायी चालत येतं. त्याला पोचू द्या.” सगळ्यात उशिरा सुचणाऱ्या मुलाचा हात वर आल्यावरच त्या बोट काढायच्या.

मग गावातला कारखाना बंद पडला. घरं एकेक करून कामाच्या मागं दुसरीकडं गेली. शेवटच्या वर्षी वर्गात दोन भावंडं उरली होती, आणि एका रविवारी तीही आली नाहीत. बाई बराच वेळ दार उघडं ठेवून बसल्या, आणि जाताना एक खुर्ची उचलून घरी घेऊन आल्या.

“बाई, मुलं इथं नाहीत, पण फोनवर आहेत,” चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते. “शुभवर्तमान तिथं न्यायला कुणीतरी हवं ना? तुमच्याइतकं गोड कोण सांगणार?”

फोनवर टाकलेल्या सुरुवातीच्या गोष्टी पाळकसाहेबांनी पाहिल्या, त्यांच्या पत्नीनं पाहिल्या आणि चुकून एका भांड्यांच्या दुकानदारानं पाहिल्या. मग भाचीनं त्यांना कात्री लावायला घेतली. थांबणं गेलं, श्वास गेले, मागून संगीत आलं. पाहणारे शेकड्यांत गेले, मग हजारांत. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ते सगळ्यांना सांगितलं तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंना कुठं पाहावं ते कळेना.

आज त्यांनी चहा ठेवला. सवयीनं एकच कप काढला होता, मग आठवण होऊन दुसरा काढला.

“पोरी,” चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “हे शेवटचं हं.”

“काय शेवटचं?”

“ही गोष्ट तेवढी फोनवर टाक. आता पुरे.”

“अगं पण का? लोक एवढं बघतायत!”

“बघतात गं. पण मी काल स्वतःलाच बघितलं. प्रश्न विचारते आणि श्वास न घेता मीच उत्तर देते. एखादी आगाऊ पोरगी असते ना वर्गात, तशी.” त्यांनी गाळणी ओट्यावर आपटली. “आधी कुणी नव्हतं, तरी मला वाटायचं, असेल कुणीतरी. आता एवढे आहेत, आणि वर्ग रिकामा वाटतो. रिकाम्या वर्गात बोलायचं म्हातारपणी जमत नाही मला.”

“रिकामा? थांब, तुला दाखवते.”

भाचीनं कप बाजूला सारला आणि फोन दोघींच्या मध्ये धरला. तिचा अंगठा सरसर फिरू लागला. जोडलेले हात, फुलं, आमेन, पुन्हा जोडलेले हात. कुणी लिहिलं होतं, छान. कुणी लिहिलं होतं, आमच्या बाळाला जेवताना लावतो.

“बघ. आहे ना वर्ग भरलेला?”

“आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “पण गोष्टीत काय विचारलं होतं, त्याचं कुणी काही लिहिलेलं नाही.”

यादी संपत आली. तळाशी जुने संदेश होते, आवाजाचे, सगळे एकाच माणसाचे. नावाच्या जागी नुसता ठिपका, चित्राच्या जागी बंद खिडकी.

“हे काय?”

“ते सोड. रिकामे आहेत. कुणाच्या तरी खिशात फोन आपोआप लागतो नि हे येतात. मी सुरुवातीला ऐकले होते थोडे, काही नाही त्यात.”

“लाव बघू.”

“मावशी, काही नाही गं त्यात.”

“लाव तर.”

भाचीनं एक संदेश लावला. पंख्याची घरघर आली. कुठंतरी लांब कुत्रं भुंकलं. खुर्ची करकरली. मग नुसताच पंखा. भाचीनं भुवया उडवल्या, ‘बघ, सांगितलं होतं ना’ अशा, आणि तिचा अंगठा बंद करायला पुढं आला.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

भाचीचा अंगठा जागीच राहिला. लहानपणी तीही त्या वर्गात बसली होती, पुढच्या बाकावर.

पंखा फिरत राहिला. कुणीतरी श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. पुन्हा घेतला. आवंढा गिळल्याचा आवाज आला. बाईंनी कधी हनुवटी तळहातावर टेकवली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. चहावर साय धरली.

“ते...” आवाज आला. पुरुषाचा होता, वयाचा अंदाज येत नव्हता. खोल विहिरीतून भरलेली बादली वर यावी, तसा एकेक शब्द वर येत होता. “ते... एकटं... होतं.” मोठा श्वास. “म्हणून... गेला.”

संदेश संपला.

“काय म्हणाला?” भाचीनं हळूच विचारलं.

“हरवलेल्या मेंढराची गोष्ट,” बाई म्हणाल्या. “मी विचारलं होतं, एवढी सगळी मेंढरं असताना त्या एकासाठी मेंढपाळ मागं का गेला.”

भाचीनं पुढचा संदेश लावला, मग त्याच्या पुढचा. दर वेळी पंखा, दर वेळी ती लांबलचक शांतता, आणि तिच्या शेवटी, धापा टाकत पोचलेलं, दोन-तीन शब्दांचं उत्तर. एक उत्तर चुकलेलं होतं. ते ऐकून बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या, की भाचीनं त्यांच्याकडं वळून पाहिलं.

यादी संपली. भाची शेवटच्या संदेशाची तारीख पाहत राहिली. मग तिनं आपण कात्री लावलेल्या पहिल्या व्हिडिओची तारीख पाहिली; ती त्याच्याच पुढच्या आठवड्यातली होती. फोन उपडा करून तिनं मांडीवर ठेवला.

“गार झाला चहा,” बाई म्हणाल्या.

“असू दे.”

भाची उठली. गायनाची पुस्तकं तिनं पुन्हा नीट रचली, फोन टेकवला. निळी खुर्ची जरा डावीकडं सरकली होती; ती तिनं मावशीच्या नजरेसमोर आणून ठेवली.

“आंधळ्यापासून घेऊ या परत,” ती म्हणाली.

बाईंनी पदर सारखा केला. त्यांनी गोष्ट सांगितली, रस्ता, गर्दी, आरडाओरडा करणारा तो माणूस आणि त्याला गप्प करू पाहणारे लोक. येशू थांबला तिथं त्याही थांबल्या.

“तुम्हाला त्यानं विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?”

घड्याळ चालत होतं. खालून एक गाडी गेली. फोनवरचा लाल ठिपका जळत राहिला, आणि भाचीनं दोन्ही हात पाठीमागं धरले.